महिला समितीचं पाणी

"लिहा बाई," अण्णा म्हणाले. "तुमचं अक्षर चांगलं आहे."

झुंजार क्रीडा मंडळाच्या कार्यकारिणीत मी अकरा वर्षं होते आणि त्या अकरा वर्षांत माझ्या अक्षराइतकं कौतुक दुसऱ्या कशाचंच झालं नव्हतं. महिला समितीची मी अध्यक्ष. समितीत आम्ही तिघी. स्पर्धा असली की दारात रांगोळी काढायची, पाहुण्यांना ओवाळायचं आणि सभा असली की इतिवृत्त लिहायचं, एवढा आमचा कारभार. बोरखेडच्या मुलींच्या शाळेत मी खेळाची शिक्षिका होते. गावातला मुलींचा खो-खोचा संघ मीच नव्यानं उभा केलेला. पण मंडळाच्या पायऱ्या चढताना शिट्टी पर्समध्ये टाकायची आणि वही बाहेर काढायची, असा रिवाज पडून गेला होता.

ही दहा वर्षांपूर्वीची गोष्ट. पावसानं सलग दोन वर्षं मराठवाड्याकडे पाठ फिरवली होती आणि डिसेंबरातच टँकर सुरू झाले होते. आमच्या मैदानाच्या भिंतीला लागून खालची वस्ती आहे. तिथं आठ दिवसांतून एकदा टँकर यायचा. भिंतीच्या अलीकडे मंडळाचं बोअर होतं आणि त्याला त्याही वर्षी बऱ्यापैकी पाणी होतं. वस्तीतल्या बायकांनी मंडळाकडे अर्ज दिला, की बोअरचं थोडं पाणी आम्हालाही द्या. त्या अर्जावर निर्णय घ्यायला त्या दिवशीची सभा होती.

अडचण अशी होती, की बोअरवर दोन स्पर्धा अवलंबून होत्या. फेब्रुवारीत मुलींची, म्हणजे कुमारी गटाची, राज्य अजिंक्यपद स्पर्धा होती. मंडळाच्या पन्नास वर्षांत ती पहिल्यांदाच बोरखेडला मिळाली होती आणि ती मिळवायला मी चार वर्षं राज्य संघटनेचे उंबरे झिजवले होते. दुसरी एप्रिलातली, पुरुषांची. अध्यक्ष वसंतराव मुगळीकर, म्हणजे आमचे अण्णा, आपल्या वडिलांच्या नावानं दरवर्षी 'मुगळीकर चषक' भरवायचे. खो-खोचं मैदान मातीचं. त्याला रोज पाणी मारावं लागतं, नाहीतर खांबावर सूर मारणाऱ्याचे गुडघे आणि कोपर सोलून निघतात.

अण्णा माणूस वाईट नव्हते. गोड बोलायचे, लग्नकार्याला धावून जायचे, आणि कुणाला नाही म्हणायची वेळ आली, की ते काम दुसऱ्याच्या गळ्यात घालायचे. त्या दिवशी त्यांनी डोळे मिटले आणि ठराव सांगायला सुरुवात केली. मी शब्दन् शब्द उतरवून घेतला.

"ठराव क्रमांक सात. दुष्काळाची परिस्थिती आणि मंडळाची सामाजिक बांधिलकी लक्षात घेऊन, दुष्काळ संपेपर्यंत मंडळाच्या बोअरच्या पाण्याच्या वापराबाबतचे सर्व अधिकार महिला समितीस देण्यात येत आहेत." मग डोळे उघडून ते माझ्याकडे बघून हसले. "पाण्याचं दुःख बायकांइतकं कुणाला कळणार? तुम्ही जो त्याग कराल त्याचा मंडळाला अभिमानच वाटेल."

त्याग हा शब्द त्यांनी उच्चारला आणि खोलीतले दहा पुरुष एकदम मोकळे झाल्यासारखे चहाकडे वळले. मला काय सांगितलं जात होतं ते न कळायला मी काही कुकुलं बाळ नव्हते. मुलींची स्पर्धा मीच आपण होऊन सोडायची. मंडळाचं नाव पेपरात छापून यायचं. एप्रिल मात्र अजून लांब होता आणि त्याचा विषयही कुणी काढला नव्हता.

जिन्यात सचिव क्षीरेसरांनी मला गाठलं. स्पर्धा परत करतो असं पत्र राज्य संघटनेला पंधरा दिवस आधी गेलेलं बरं, मजकूर हवा तर ते तयार करून देतील, असं ते म्हणाले. मी म्हटलं, "सर, माझं अक्षर चांगलं आहे. मी लिहीन काय लिहायचं ते."

बोलायला बोलले, पण आतून मी पार खचले होते. संघाची कर्णधार दीक्षा वाघमारे तेव्हा सतरा वर्षांची होती. कुमारी गटातलं तिचं हे शेवटचं वर्ष. खांबावर तिच्यासारखा सूर मारणारी मुलगी मी माझ्या उभ्या आयुष्यात पाहिली नाही. राज्याचा संघ याच स्पर्धेतून निवडला जाणार होता. स्पर्धा परत गेली तर ती दुसरीकडे होईल की त्या वर्षी होणारच नाही, याची काहीच खात्री नव्हती. आणि तीच दीक्षा खालच्या वस्तीत राहत होती, त्या आठ दिवसांच्या टँकरवर.

सभेहून मी थेट मैदानावर गेले. दीक्षाची आई, रत्नाबाई, मैदानावर पाणी मारत होती. मंडळानं तिला त्याच कामावर ठेवलं होतं. दिवसभर दुसऱ्याच्या मातीला पाणी पाजायचं आणि घरी रिकाम्या घागरी पालथ्या घालायच्या. अर्जावर पहिली सही तिचीच होती.

मी तिला ठराव सांगितला आणि रागारागात हेही बोलून गेले, की आता तूच सांग, पोरीची स्पर्धा हवी की वस्तीला पाणी हवं.

रत्नाबाईनं पाइप खाली टाकला. "बाई, ह्ये तुमाला कुणी सांगितलं, दोन्हीतलं एकच घ्यायचं म्हनून?"

"पाणी तेवढंच आहे, रत्नाबाई."

"पानी किती हाय ते मला इचारा. मागल्या साली चषकाला चार तास पाइप धरला म्या, रोज. ग्राउंडावर सव्वा तास. ऱ्हायलेलं कुठं गेलं? पाव्हन्यांच्या मांडवाम्होरं. गाड्या लागत्यात तिथं. धुरळा उडू नये, कापडं पांढरी ऱ्हावी म्हनून." तिनं पदरानं हात पुसले. "पांढऱ्या कापडाला पानी हाय, आन् पोरीच्या गुडघ्याला न्हाई व्हय?"

मी अकरा वर्षं त्या मांडवात पाहुण्यांना ओवाळत उभी होते. पायाखालची जमीन ओली का असते, हा प्रश्न मला कधी पडला नव्हता. मला माझी लाज वाटली. आम्ही दोघी तिथंच खांबाला टेकून बसलो आणि तासाभरात सगळा हिशेब मांडला. शेवटची अक्कलही तिचीच. ती म्हणाली, चोवीस जिल्ह्यांच्या पोरी येणार, चार दिवस राहणार, रोज अंघोळी करणार. ते पाणी गटारात कशाला सोडायचं?

जानेवारीच्या सभेत पहिला विषय नेहमीचा: मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे. आता, ज्यांनी कधी मंडळात काम केलं आहे त्यांना हे सांगायला नको, की इतिवृत्त कुणीही ऐकत नाही. वाचणारा वाचतो, चिवड्याच्या बश्या फिरतात, आणि वाचून संपायच्या आत सगळे "कायम, कायम" म्हणून मोकळे होतात. मी ठराव सात सावकाश वाचला. 'सर्व अधिकार' तर दोनदा वाचले. अण्णा शेंगदाणा निवडत म्हणाले, "कायम. पुढं चला." आणि खाली सही ठोकली.

मग मी दुसरा कागद काढला. महिला समितीचे निर्णय. बोअरच्या खोलीची किल्ली आजपासून समितीकडे. भिंतीतून एक नळ वस्तीच्या बाजूला निघेल, रोज सकाळी दोन तास चालेल. मैदानावर बोअरचं ताजं पाणी पडणार नाही, एकदा वापरलेलंच पाणी पडेल. मांडव, रस्ता आणि गाड्यांच्या जागेवर थेंबही नाही. राज्य स्पर्धा ठरल्या तारखेला, दोनऐवजी एकाच मैदानावर होईल. "आणि हे नियम," मी वाचलं, "दुष्काळ संपेपर्यंत मंडळाच्या सर्व स्पर्धांना लागू राहतील."

चिवड्याची बशी जिथं होती तिथंच थांबली.

"सर्व म्हणजे?" क्षीरेसरांनी विचारलं.

"सर्व म्हणजे सर्व. एप्रिलातलीसुद्धा."

अण्णांचा आवाज तेव्हाही गोडच होता. "बाई, ठरावाचा अर्थ असा नव्हता."

"मग कसा होता, अण्णा? सांगा, मी लिहून घेते."

मी पेन उघडून बसले. अण्णांनी क्षीरेसरांकडे पाहिलं, क्षीरेसरांनी पंख्याकडे. अर्थ सगळ्यांना ठाऊक होता, पण तो तोंडानं म्हणायचा आणि वर वहीत उतरवून घ्यायचा, ही हिंमत दहांपैकी एकातही नव्हती. आपलेच दात आणि आपलेच ओठ. कार्यकारिणीचा ठराव फिरवायचा, तर आमच्या घटनेप्रमाणे पंधरा दिवसांची नोटीस काढून खास सभा बोलवावी लागते. ती बोलवायच्या आत वस्तीच्या बाजूला नळ निघाला. नळ निघाल्यावर तो बंद करायला कोण जाणार? त्यात नगरपालिकेची निवडणूक तोंडावर आलेली.

आठवड्यातच पेपरात बातमी आली, 'मुगळीकर यांचा स्तुत्य उपक्रम'. नळापाशी हसणारे अण्णा, शेजारी हंडा घेतलेली रत्नाबाई. समितीचं नाव कुठं नव्हतं. आमच्यातली एक चिडली. मी म्हटलं, छापू दे. ज्यानं श्रेय घेतलं त्याला आता ते सोडता यायचं नाही. हे मी धीर द्यायला म्हटलं होतं, पण पुढं ते फारच खरं ठरलं.

स्पर्धा सुरू झाली आणि तीन दिवस अशी चालली, की आम्हालाच आमचा हेवा वाटावा. मैदानाशेजारच्या मंगल कार्यालयात चोवीस संघ उतरले होते. प्रत्येक मुलीला अंघोळीला अर्धी बादली, आणि न्हाणीघरांचं सगळं पाणी एका टाकीत. तिथून ते रत्नाबाईच्या पाइपनं मैदानावर. मुलींना आधी हसू आलं, मग चढाओढ लागली. आपलं पाणी कुठल्या कोपऱ्याला पडलं यावरून त्या भांडायच्या. मांडवात धूळ उडत होती. पाहुण्यांचे कपडे दुपारपर्यंत विटकरी व्हायचे. पण मैदानाची माती मऊ होती आणि तीन दिवसांत एकीचाही गुडघा फुटला नाही.

दीक्षाचा संघ उपांत्य फेरीत पोचला, आणि चौथ्या दिवशी सकाळी ती फेरीही जिंकून अंतिम सामन्यात गेला. दुपारी चार वाजता सामना होता. मी आनंदात टाकीवर गेले आणि झाकण उघडून आत पाहिलं. टाकीत वीतभर पाणी होतं.

चूक माझी होती आणि इतकी साधी होती, की अजून आठवलं तरी मी कपाळाला हात लावते. हिशेब मी चोवीस संघांचा केला होता. पण स्पर्धा म्हटली, की संघ हरतात आणि हरलेले संघ घरी जातात. शेवटच्या दिवशी कार्यालयात फक्त चार संघ उरले होते. पन्नासएक मुलींच्या अर्ध्या अर्ध्या बादल्यांनी मैदान भिजणार कसं? तीस वर्षं खेळाशी संबंध असलेल्या बाईला हे सुचू नये!

एक वाजता पंच प्रमुख घुलेसरांनी मैदानाची पाहणी केली. सकाळचे दोन सामने आणि वरून ऊन, माती पार भुगा झाली होती. घुलेसर नेक माणूस. त्यांनी स्पष्ट सांगितलं, की साडेतीनपर्यंत मैदान ओलं झालं नाही, तर अंतिम सामना होणार नाही. दोन्ही संघांना संयुक्त विजेते घोषित करावं लागेल. निवड समितीलाही मग जेवढं पाहिलं तेवढ्यावरच निवड करावी लागेल, आणि दीक्षाला तोवर त्यांनी दोनच सामन्यांत पाहिलं होतं.

क्षीरेसर धावत आले. "बाई, किल्ली तुमच्याकडेच आहे. तासभर बोअर सोडा. वस्तीचं पाणी सकाळीच भरून झालंय. कोण विचारतंय?"

रत्नाबाईही तेच म्हणाली. "सोडा की बाई एक घंटा. माझीच पोर खेळायली."

किल्ली माझ्या पदराला होती. सांगायला लाज कशाची, माझा हात तिच्यावर गेलासुद्धा. पण मांडवात अण्णा बसले होते आणि माझ्याकडेच बघत होते. आज मी माझ्या मुलींसाठी एक तास सोडला, की एप्रिलात चषकासाठी रोज चार तास सुटणार, आणि तेव्हा माझ्याकडे बोलायला तोंड राहणार नाही. ते नुसते बघत होते. एवढं शांत बसलेलं मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

"ताजं पाणी नाही," मी म्हटलं.

"मग वापरलेलं कुठनं आनायचं?" रत्नाबाई वैतागली. मग मांडवातल्या विटकरी झालेल्या पाहुण्यांकडे बघत म्हणाली, "ह्यांच्या तरी झाल्यात का अंगुळी, इचारा."

ती टोमणा मारून मोकळी झाली, पण मी तिच्याकडे बघतच राहिले. त्या दुष्काळात गावातले निम्मे पुरुष दिवसाआड अंघोळ करत होते. मी सरळ ध्वनिक्षेपकाकडे गेले आणि निवेदकाच्या हातून माइक घेतला.

"मंडळाचे सर्व पदाधिकारी, सदस्य आणि प्रेक्षकांना महिला समितीची विनंती आहे. आज ज्यांची अंघोळ राहिली असेल त्यांनी घरून आपली एक बादली पाणी घेऊन यावं आणि अंघोळ इथं मैदानावर करावी. साबण आणू नये. मैदान भिजलं तर सामना होईल, नाही भिजलं तर होणार नाही."

दोन हजार माणसं हसली. अशी हसली, की मांडवाचे खांब हलले. पण जागचं कुणी हललं नाही. हसणं ओसरलं आणि मग सगळ्यांच्या माना हळूहळू एकाच दिशेला वळल्या. स्तुत्य उपक्रम कुणाचा, हे सगळ्या गावानं पेपरात वाचलेलं होतं.

अण्णा उठले. त्यांनी आपल्या जीपकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि जीपमध्ये बसून निघून गेले. दहा मिनिटं झाली, पंधरा झाली. आणि मग जीप परत आली. अण्णा उतरले ते बनियन आणि पट्ट्यापट्ट्यांच्या चड्डीवर, खांद्याला पंचा, दोन्ही हातांत दोन बादल्या.

खो-खोच्या मैदानात मधल्या पाटीवर आठ चौकोन असतात आणि आठ खेळाडू एकाआड एक उलट तोंडं करून बसतात. अण्णा ऐन उमेदीत राज्याच्या संघातून खेळलेले. ते सवयीनं पहिल्या चौकोनात गेले, तोंड बरोबर ज्या बाजूला हवं त्या बाजूला करून बसले आणि पहिला तांब्या डोक्यावर ओतला. मैदान टाळ्यांनी दणाणलं. मग कुणाला थांबवायची सोय राहिली नाही. कार्यकारिणीतले सातजण उरलेल्या सात चौकोनांत बसले. नववे क्षीरेसर, ते खांबाला धरून उभ्यानं न्हाले. क्षीरेसरांनी मध्येच सुचवून पाहिलं, की नुसती बादली ओतली तर नाही का चालणार? रत्नाबाई म्हणाली, "वापरल्यालं पानी म्हंजी वापरल्यालं. डोकं भिजवा, सर."

शिट्टी माझ्या पर्समध्ये होती. मी ती काढली आणि दर चार मिनिटांनी वाजवायला लागले. आठांची तुकडी उठायची, दोन पावलं सरकून दुसरी बसायची. दुकानदार आले, रिक्षावाले आले, शाळेचे हेडमास्तर आले. अशा चौदा तुकड्या न्हाल्या. रत्नाबाई मागून दाताळं फिरवत माती सारखी करत होती आणि कुणी कोरडी जागा सोडली, की त्याला परत बसवत होती. सव्वातीनला घुलेसरांनी वाकून मूठभर माती उचलली, दाबून पाहिली आणि माझ्याकडे बघून मान हलवली.

अंतिम सामना आम्ही एका गुणानं हरलो. ते मी लपवत नाही. पण शेवटच्या डावात दीक्षानं खांबावर जे चार गडी टिपले ते पाहताना निवड समितीचे लोक खुर्च्या सोडून उभे राहिले होते. संध्याकाळी राज्याच्या संघाची यादी वाचली, तेव्हा दुसऱ्या क्रमांकावरच तिचं नाव होतं. रत्नाबाईनं ते ऐकलं आणि दाताळं टाकून ती मटकन खाली बसली, ओल्या मातीतच.

बक्षिसं झाली, लोक पांगले. मी मांडवाच्या कडेला खुर्ची ओढून बसले होते, पाय दुखत होते. अण्णा येऊन शेजारी बसले. कपडे बदललेले, केस अजून विस्कटलेले. चषक आता पाऊस पडल्यावरच घेऊ म्हणाले. मी बरं म्हटलं.

"हेमा," ते म्हणाले. वीस वर्षांत पहिल्यांदाच त्यांनी मला बाई म्हटलं नव्हतं. "खरं सांगू? मला वाटलं होतं तू स्पर्धा सोडशील. त्र्याण्णव साली सोडली होतीस, कुरकुर न करता."

ते सालही त्यांना आठवत असेल, असं मला वाटलं नव्हतं. त्र्याण्णवच्या सप्टेंबरात आमच्या भागात भूकंप झाला, तेव्हा मी वीस वर्षांची होते. त्या वर्षी मंडळातून राज्याच्या संघात माझ्यासह तीन मुली निवडल्या गेल्या होत्या आणि चार मुलगे. राष्ट्रीय स्पर्धा डिसेंबरात होती. मंडळाची सभा झाली आणि ठरलं, की माणसं तंबूत राहत असताना मुलींनी खेळायला जाणं बरं दिसत नाही. मुलींनी मदत छावणीत स्वयंपाक करावा. आम्ही तिघी अडीच महिने छावणीत भाकऱ्या थापत होतो. पेपरात आमचा फोटो आला, खाली छापलं होतं 'सामाजिक बांधिलकी'. मुलगे दंडाला काळी फीत लावून गेले आणि रौप्यपदक घेऊन आले. राष्ट्रीय स्पर्धेची संधी मला पुन्हा कधी मिळाली नाही. मुलांच्या त्या संघाचे कर्णधार अण्णा होते.

"भाकऱ्यांचं मला कधीच वाईट वाटलं नाही, अण्णा," मी म्हटलं. "आज वेळ आली तर आजही थापीन. माणसं उपाशी होती. पण तुम्ही चौघं धडधाकट होता. तुम्हाला कुणी परातीपुढं बसायला सांगितलं नाही."

अण्णांनी मान खाली घातली. माझ्यावर रागावले असतील असं मला वाटलं, पण ते रागावले नव्हते. आपल्या दोन्ही हातांच्या तळव्यांकडे ते बघत होते.

"मला भाकरी थापता येत नाही," ते हळूच म्हणाले.

"आम्हाला तरी कुठं येत होती," मी म्हटलं. "तिथंच शिकलो."